आठवणीला काय विचारायचं?

मध्यंतरी जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरच्या एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते अभ्यासू होते. तबकडीच्या मधल्या भागात कोरलेले क्रमांक, कंपन्यांच्या याद्या, लेबलांचे बदलत गेलेले रंग, सगळं त्यांनी नीट मांडलं. शेवटी मागच्या रांगेतून एक वृद्ध बाई उठल्या. ज्या गायिकेची तबकडी नुकतीच ऐकवली होती, तिच्या घरी त्या लहानपणी आईबरोबर जात असत. त्या सांगू लागल्या, तोच वक्त्यांनी हात वर केला. "याला काही पुरावा?" त्यावर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उसळून म्हणाले, "तबकड्या फिरवून गाणं कळत नसतं. आम्ही त्या माणसांच्या समोर बसलोय." सभागृहाचे दोन तट पडले आणि दोन्ही बाजूंना टाळ्या मिळाल्या. त्या बाईंना मात्र कोणीही पुढचा प्रश्न विचारला नाही. त्या खाली बसल्या आणि काय सांगणार होत्या, ते त्यांच्यापाशीच राहिलं.

हा वाद आता जिथे तिथे असाच चालतो आणि तो फार वाईट रीतीने चालतो असं माझं मत आहे. एका बाजूला तबकडी हाच काय तो पुरावा, बाकी सगळ्या गप्पा. दुसऱ्या बाजूला आठवण हीच खरी, तबकडी म्हणजे गाण्याचा सांगाडा. दोघंही एकच चूक करतात. पुरावा म्हणून कोण श्रेष्ठ, एवढंच ते विचारतात. कोणाला काय विचारावं हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. पहिल्या ध्वनिमुद्रिकांच्या काळातल्या कलावंतांना भेटलेल्या माणसांच्या आठवणी गोळा करणं हे आज संगीताच्या इतिहासाचं सर्वांत निकडीचं काम आहे, असं मी मानतो. पण आठवणीला चुकीचे प्रश्न विचारून मग तिला खोटी ठरवणं बंद झालं, तरच त्या कामाला अर्थ आहे.

आधी तबकडीवाल्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. आठवण फुगते. प्रत्येक सांगण्यागणिक मैफल लांबत जाते आणि तान वाढत जाते. कोणी तरी लिहिलेला प्रसंग वाचून तो आपणच पाहिला होता असं प्रामाणिकपणे वाटू लागणारी माणसं मी पाहिली आहेत. ती खोटं बोलत नसतात. मनाचा व्यवहारच तसा असतो. शिवाय भेटीच्या आठवणीत भेटणारा स्वतःला थोडं पुढे आणतो. 'बुवांनी माझ्या पाठीवर हात ठेवला' या वाक्यात बुवा किती आणि पाठ किती, हे तपासावं लागतं. घराण्याचा अभिमान वेगळाच. शिष्यांच्या आठवणींत गुरू कधी बेसूर होत नाही आणि दुसऱ्या घराण्याचा गवई कधी जिंकत नाही.

याहून मोठा आक्षेप मला स्वतःला अस्वस्थ करतो. तो गाणाऱ्या बायकांविषयीचा आहे. गौहर जान म्हटलं की लोकांना काय आठवतं? मांजरीच्या पिल्लांसाठी उडवलेल्या हजारो रुपयांची गोष्ट. अलाहाबादच्या जानकीबाईंचं नाव काढलं की 'छप्पन छुरी' आणि अंगावरच्या छप्पन जखमा. या गोष्टी पुरुषांनी पुरुषांना सांगितल्या, चवीने सांगितल्या, आणि बाईचं गाणं त्यांच्याखाली गाडलं गेलं. उलट तबकडीत काय आहे? १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला, नोव्हेंबरमध्ये एका हॉटेलच्या खोल्यांत त्याने यंत्र मांडलं आणि गौहर जान त्या कर्ण्यासमोर उभी राहिली. गाणं संपताना ती स्वतःच्या तोंडाने सांगते, 'माय नेम इज गौहर जान.' मूळ ठसे जर्मनीत हानोव्हरला जायचे, तिथल्या कारागिरांना गाणारीचं नाव कळावं म्हणून ही सोय होती, असं त्याचं कारण दिलं जातं. कारण काहीही असो, तिच्याविषयी शंभर जणांनी सांगितलेल्या गोष्टींपेक्षा तिने स्वतः उच्चारलेले हे चार-पाच शब्द मला अधिक मोलाचे वाटतात. हा मुद्दा मी कधीच नाकारणार नाही.

पण म्हणून तबकडी निर्मळ साक्षीदार ठरते का? तिच्यात काय येत नाही याचा हिशोब कोण मांडणार? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, बारा इंचीला चार-साडेचार. १९२५ च्या आसपास विजेवरचं मुद्रण आलं. त्याआधी मायक्रोफोन नव्हता. गाणारा कर्ण्यात तोंड घालून गायचा, आवाज चढला की मागे सरायचा. त्या कर्ण्यातून मंद्रातला खर्जही पुरता उतरत नसे आणि आवाजाची वरची झळाळीही. तबल्याचा बायाँ तर नुसता अंदाजाने ऐकायचा. ज्या गायकीत अर्धा तास स्वर मांडत जायचं, तिला तीन मिनिटांच्या चौकटीत बसायला सांगितलं तर जे उरतं ते गायकीचं चित्र म्हणावं, की त्या गवयाने त्या दिवशी केलेल्या तडजोडीचं? अब्दुल करीम खाँसाहेबांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ध्वनिमुद्रण केलं होतं आणि पुढे तिशीच्या दशकात पुन्हा केलं. दोन्ही वेळच्या तबकड्या शेजारी शेजारी लावून पाहा. दोन वेगळे गवई वाटावेत इतका फरक आहे. त्यातला किती वयाचा, किती विचारांचा आणि किती यंत्राचा? तबकडी हे सांगत नाही. ती सांगू शकत नाही.

आणि तबकडी मुळातच नसेल तर? भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. भारत गायन समाज त्यांनी उभा केला, बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव त्यांच्या हाताखाली घडले, आणि त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आपल्याकडे नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते. म्हणजे या देशात ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर चाळीसहून अधिक वर्षं ते हयात होते, तरी त्यांचा आवाज कोणत्याही मुद्रिकेत नाही. भाऊराव कोल्हटकर, म्हणजे किर्लोस्करांच्या नाटकातली ती सुभद्रा, १९०१ मध्ये गेले. गैसबर्ग कलकत्त्यात उतरण्याच्या एकच वर्ष आधी. पुराव्याचा निकष तबकडी हाच धरला, तर या तिघांना इतिहासातून उठवावं लागेल. मग बालगंधर्वांच्या तबकड्यांत जे ऐकू येतं ते कुठून आलं, याचं उत्तर आपण कशाच्या जोरावर देणार?

उलट बाजू तितकीच बोलकी आहे. आग्र्याच्या जोहराबाईंच्या तबकड्या आहेत आणि त्या ऐकून आजही गवई कान धरतात. असा भरदार, निःशंक आवाज. १९१३ मध्ये त्या गेल्या. त्यांचं चरित्र लिहायला बसा, चार ओळींत संपतं. ख्याल शिकल्या कशा, रोज किती गात, साथीला कोणाला घेत, तीन मिनिटांत काय गायचं हे त्या ठरवत की कंपनीचा माणूस, कोणीही विचारून ठेवलं नाही. भास्करबुवांची आठवण उरली आणि आवाज गेला. जोहराबाईंचा आवाज उरला आणि माणूस गेलं. या दोहोंत अधिक नुकसान कुठलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

अल्लादिया खाँसाहेबांबाबत मात्र एक शहाणपणाची गोष्ट घडली. म्हातारपणी त्यांनी आपलं आयुष्य नातवाला, अझीझुद्दीन खाँना सांगितलं आणि नातवाने ते लिहून घेतलं. तरुणपणी एका संस्थानात अतोनात गावं लागलं, आवाज बसला, आणि पुढे बदललेल्या गळ्याला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, ही हकीकत त्यांच्या सांगण्यातून आपल्यापर्यंत आली. एका मोठ्या घराण्याची चाल अशी का झाली याचं इतकं जवळचं कारण कुठल्या तबकडीतून मिळालं असतं? खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. साडेतीन मिनिटांची. ती जगाबाहेर पोहोचली याचा मला अतिशय अभिमान आहे. पण त्या साडेतीन मिनिटांमागचा लांब श्वास कसा कमावला, हे खाँसाहेबांच्या तालमीत बसलेल्यांच्या सांगण्यावाचून कळत नाही.

आता आठवणीवाल्यांकडे वळतो. 'आम्ही पाहिलंय' हे वाक्य ज्या तोऱ्यात म्हटलं जातं, त्याने आठवणींचंच सर्वाधिक नुकसान केलं. पाहिलं असेल, तर काय पाहिलं ते सांगा. नुसतं 'काय ते गाणं! आता तसं होणे नाही' म्हणून ऐकणाऱ्याच्या हाती काय लागतं? जोड मांडीवर बसून गायचे की एक गुडघा वर करून? तंबोरा स्वतः लावायचे की दुसऱ्याकडून लावून घ्यायचे? षड्जावर यायच्या आधी डोळे मिटायचे का? बंदिशीचे शब्द तोडायचे कुठे? या गोष्टी भक्ताला सांगण्यासारख्या वाटत नाहीत, कारण त्याला चमत्कार सांगायचा असतो.

माझी ही समजूत कशी झाली ते सांगतो. १९८० च्या सुमारास मी एका वृद्ध पेटीवादकांकडे जात असे. तिशीच्या दशकात एका गायिकेच्या ध्वनिमुद्रणांना त्यांनी साथ केली होती. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही म्हणायचो. पहिल्याच भेटीत त्यांनी एका तबकडीचं नाव घेऊन छातीठोकपणे सांगितलं, "त्यात पेटी माझी आहे." ती तबकडी माझ्यापाशी होती. घरी येऊन लावली, तर तिच्यात पेटीच नव्हती, नुसती सारंगी. मी तरुण होतो, पुराव्याचा भोक्ता होतो. मास्तरांच्या शब्दावरचा माझा विश्वास तिथेच उडाला होता आणि पुढे जायचं नाही असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

तरी गेलो. आणि हळूहळू लक्षात आलं, की कोण आणि केव्हा या बाबतीत मास्तर सतत चुकतात, पण कसं या बाबतीत ते कधी चुकत नाहीत. मुद्रण मेणाच्या जाड चकतीवर होई. ती वाजवून पाहिली की सुईने खरवडून वाया जायची, म्हणून गाणाऱ्याला आपलं गाणं तिथल्या तिथे ऐकायला मिळत नसे. "बाई घरी जाताना विचारायच्या, मास्तर, तो निषाद लागला होता ना हो?" हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. दिवा लागला की खोकायचं नाही, बांगड्या काढून ठेवायच्या, शेवटचं अर्धं मिनिट उरलं की समोरचा माणूस बोट वर करणार आणि मग अंतरा असेल तिथून मुखड्यावर यायचं. त्या बाईंच्या अनेक तबकड्यांत शेवटी एक घाईची, थोडी ओबडधोबड सम येते. समीक्षकांनी तिला लयीतला उणेपणा म्हटलं होतं. मास्तरांचं ते वर झालेलं बोट कळल्यापासून मला ती सम वेगळी ऐकू येते. इतका वेळ सांभाळून आणलेला राग एका परक्या माणसाच्या खुणेवर खाली ठेवावा लागलेला असतो.

म्हणून म्हणतो, आठवणीला तारीख विचारू नये, 'सर्वांत पहिलं कोण' हे विचारू नये, आकडा तर मुळीच विचारू नये. त्यासाठी कागद आहेत. आठवणीला रीत विचारावी. पुन्हा पुन्हा केलेली गोष्ट अंगात मुरते. एकदाच घडलेला प्रसंग मन दर वेळी नव्याने रंगवतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. १९३८ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ॲलन लोमॅक्स या लोकसंगीताच्या संग्राहकाने जेली रोल मॉर्टन या पियानोवादकाला बोलतं केलं. मॉर्टन हा बढाईखोर माणूस. १९०२ साली जाझ आपणच निर्माण केलं, असा त्याचा दावा होता आणि तो कोणी जसाच्या तसा मानत नाही. पण लोमॅक्सने त्याला नुसतं बोलू दिलं नाही, पियानोसमोर बसवलं. जुने वादक ही चाल कशी वाजवत, ते वाजवून दाखवायला लावलं. दावा गळून पडला तरी बोटांनी दिलेली साक्ष आजही अभ्यासकांना पुरून उरते. १९२८ मध्ये थोड्या तबकड्या करून विस्मरणात गेलेला गायक-गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्ट १९६३ साली त्याच्याच एका गाण्यातल्या गावाच्या नावावरून सापडला. तबकडीने माणसाचा पत्ता दिला आणि माणसाने तबकडीतली बोटं उलगडली. यात कोण श्रेष्ठ होतं?

आपल्याकडे तर यापेक्षा जुनं उदाहरण आहे आणि ते आपण विसरावं याचं मला वाईट वाटतं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या त्या कशा? स्वामींच्या सहवासात आलेल्या माणसांकडे जाऊन, विचारून, नागदेवाचार्यांकडून तपासून. आणि एकाच प्रसंगाविषयी दोघांचं सांगणं वेगळं पडलं, तर महानुभावांच्या परंपरेने एकाला खोटं ठरवून पुसून टाकलं नाही. वेगळे पाठ वेगळे म्हणून नोंदवून ठेवले. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ भेटींच्या आठवणींचा आहे आणि त्याची पद्धत आजच्या अनेक मुलाखतींहून काटेकोर आहे. पुढे राजवाड्यांनी १८९८ पासून अस्सल कागदपत्रांचे खंड काढायला घेतले आणि बखरींची झाडाझडती घेतली. ते आवश्यकच होतं. पण बखरींची तारीख चुकली म्हणून कोणी बखरी जाळल्या का? त्या काळचा माणूस मानापमान कशाला म्हणत होता, पराभव कसा सोसत होता, हे पाहायला इतिहासकार पुन्हा बखरींकडेच जातात.

तबकडी आणि आठवण एकमेकींना कशा सावरतात याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण गंगूबाई हनगल यांचं. त्यांचं मूळ नाव गांधारी, आणि तिशीच्या दशकातल्या त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्या त्याच नावाने निघाल्या. त्यांतला आवाज बारीक, उंच, मुलीचा. नंतरच्या गंगूबाई ज्याने ऐकल्या असतील, त्याला तो भारदस्त, पुरुषी म्हणावा असा खर्ज आठवेल. नुसत्या तबकड्यांवर विसंबणारा काय अनुमान काढेल? एक तर या दोन वेगळ्या गायिका, किंवा जुनी तबकडी चुकीच्या वेगावर लावली आहे. दुसरी शंका वाजवी आहे, कारण त्या काळच्या सगळ्या तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांवर कापलेल्या नसत. पण गंगूबाई २००९ पर्यंत आपल्यात होत्या, भेटायला येणाऱ्यांशी मोकळेपणाने बोलत होत्या. घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि आवाज बदलला, हे त्यांनीच सांगून ठेवलं. गळा बदलला म्हणून गाणं न सोडता त्या गळ्याचं गाणं उभं करणाऱ्या बाईची ती कहाणी आहे, आणि तबकडी तिचे फक्त दोन काठ दाखवते.

गाणाऱ्या बायकांविषयीच्या विकृत गोष्टींचं काय करायचं, हा प्रश्न मी वर टाकून दिलेला नाही. उपाय आठवणी टाकून देणं हा नव्हे. आपण कोणाला विचारलं, हे तपासणं हा आहे. श्रोत्यांमधल्या पुरुषांना विचारलं, तर रूप, थाट आणि लफडी मिळणार. बाईंबरोबर प्रवास करणाऱ्या बहिणीला, मागे तंबोरा धरणाऱ्या मुलीला, घरी येणाऱ्या शेजारणीच्या पोरीला विचारलं असतं, तर पहाटेचा रियाज मिळाला असता, बिदागीचा हिशोब मिळाला असता, बैठक ठरवताना कोण बोलायचं ते कळलं असतं. त्या सभागृहात उठलेल्या बाई नेमक्या तशा साक्षीदार होत्या. त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला. खरं म्हणजे पुरावा त्याच होत्या.

आणि वेळ फार थोडा आहे. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांना कळत्या वयात ऐकलेला माणूस आज शंभरीच्या पलीकडे असेल. ती पिढी संपली. केसरबाई १९७७ मध्ये गेल्या, हिराबाई बडोदेकर १९८९ मध्ये, मोगूबाई कुर्डीकर २००१ मध्ये. यांच्या घरी गेलेली, यांचं पान लावून दिलेली, यांच्या मागे बसलेली माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे जाताना प्रश्नावली नेऊ नका, तबकडी न्या. ती लावा आणि गप्प बसा. हात कुठे उठतो, मान कुठे हलते, कुठे माणूस 'नाही, हे असं नव्हतं' म्हणतो, ते टिपा. दोघांचं सांगणं जुळलं नाही, तर दोन्ही नावानिशी लिहून ठेवा.

मास्तरांच्या बोलण्याच्या दोन कॅसेट माझ्याकडे आहेत. त्यांत मी त्यांना साल विचारतो, बिदागी विचारतो, तबकड्यांचे क्रमांक विचारतो आणि ते बिचारे आठवून आठवून चुकीची उत्तरं देतात. बाईंची त्यांनी पेटी धरलेली एक तबकडी ७८ वर लावली, तर षड्ज काळी चारला लागतो. ७४ वर आणली, तर अर्ध्या स्वराने खाली, पांढरी पाचला. ७८ वर आवाज तरुण, थोडा कोता वाटतो. ७४ वर शांत, रुंद. यातल्या खऱ्या बाई कोणत्या, हे मला चाळीस वर्षं ठरवता आलेलं नाही. मास्तरांनी वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी पेटीवर पहिलं बोट ठेवलं होतं. कोणत्या पट्टीवर, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. दोन्ही कॅसेटमध्ये तो प्रश्न नाही.